पालकांसाठी शाळेतला एक तास



पालक सभा आपण सगळेच घेतो. मुलांच्या वहीत निरोप लिहून जातो, सतरंज्या अंथरल्या जातात. गणवेश, आधार कार्ड, बँक खातं, पोषण आहार, उपस्थिती असे विषय एकामागून एक होतात. शेवटी "घरी मुलांकडे जरा लक्ष द्या" असं सांगून चहा येतो आणि प्रोसिडिंग बुकावर सह्या होतात. घरी गेल्यावर त्या पालकाला कुणी विचारलं, "काय सांगितलं शाळेत?" तर उत्तर ठरलेलं असतं : "लक्ष द्या म्हणाले."

आता लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तिसरीतल्या मुलाची आई स्वतः चौथीतून शाळा सोडलेली असेल, दिवसभर खुरपणीला जात असेल, तर तिनं संध्याकाळी काय करायचं? बरेच पालक यावर दोनच गोष्टी करतात. एक, "अभ्यास कर, अभ्यास कर" असं दर दहा मिनिटांनी ओरडणं. दोन, शिकवणी लावणं. दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे : "मला काय कळतंय त्यातलं!" आणि आपली नेहमीची सभा ही समजूत पुसत नाही, उलट पक्की करते. कारण सभेत बोलतो तो शिक्षक, ऐकतो तो पालक. ज्याला आधीच शाळेचं दडपण आहे, तो आणखी एक तास गप्प बसून घरी जातो.

खरं तर शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) हे काम आपल्यावर टाकलेलंच आहे. कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्यं सांगितली आहेत त्यात पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणं हेही आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे कागदावर पालक शाळेच्या आत आहे. प्रत्यक्षात तो दारातच उभा राहतो, चपला काढाव्यात की नाही या विचारात.

म्हणून या लेखात सभेविषयी न लिहिता पालकांच्या वर्गाविषयी लिहितो आहे. महिन्यातून एक तास. एका वेळी एकच विषय. पालकांनी हातानं काहीतरी करायचं आणि घरी जाऊन करता येईल अशी एकच गोष्ट सोबत न्यायची. याला कुणी पालक प्रशिक्षण म्हणतं, कुणी माता-पालक गट. आपल्या राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे गट केले गेले, मेळाव्यात स्टॉल मांडून खेळ घेतले गेले, मोबाईलवर घरी करायच्या कृती पाठवल्या गेल्या. ज्या शाळांनी ते मनापासून केलं त्यांना ठाऊक आहे की मेळाव्यात आई स्टॉलवर मुलाशेजारी उकिडवी बसून खडे मोजते, तेव्हा ती सभेतल्यासारखी अवघडलेली नसते. ती रीत पहिलीपुरती का ठेवायची? चौथीच्या आणि सातवीच्या पालकांनाही तिची गरज आहे, सातवीच्या तर जास्तच.

कधी, कुठे आणि कुणाला बोलवायचं

पालक येत नाहीत ही आपली नेहमीची तक्रार. पण आपण बोलावतो कधी ते बघा. शाळेच्या सोयीनं सकाळी अकराला. अकराला रोजंदारीवरची बाई शेतात असते. तिनं यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. पेरणीच्या दिवसांत, कांदा काढणीला, सोयाबीनच्या सुगीत तर माणूस सापडणारच नाही. गावाच्या आठवडी बाजाराचा दिवस मात्र बऱ्याच ठिकाणी कामाला सुट्टीचा असतो, त्यामुळे बाजाराला निघायच्या आधीची वेळ कधी कधी जमून जाते. शहरातल्या शाळेत धुण्याभांड्यांची कामं करणाऱ्या आया दुपारी दोन ते चार या वेळात मोकळ्या असतात. कंपनीत पाळीनं काम करणाऱ्या वडिलांना साप्ताहिक सुट्टीशिवाय गत नाही. जून महिन्यात पालकांनाच विचारून वेळ ठरवावी. एक वेळ सगळ्यांना सोयीची होत नसेल तर दोन गट करावेत. शिक्षकाला त्रास होतो, मान्य आहे.

कुणाला बोलवायचं हाही प्रश्न आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली जी मुलं गावात मागे राहतात, ती आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे असतात. त्यांच्या हजेरी पत्रकावर वडिलांचं नाव असतं आणि वडील कारखान्याच्या तळावर. अशा मुलासाठी आजी हीच पालक. निरोपात "आई-वडिलांनी यावे" असं लिहिलं की आजी येत नाही. "घरातलं कुणीही या" असं लिहा.

आणि एक नाजूक गोष्ट. संक्रांतीनंतर बऱ्याच शाळांत माता-पालक मेळावा हळदी-कुंकवाला जोडून घेतात. गर्दी जमते हे खरं. पण त्या दिवशी विधवा आई येत नाही, किंवा आली तरी मागच्या रांगेत बसते आणि वाण वाटायच्या आधी निघून जाते. ज्या घरात एकच पालक आहे तिथे शाळेची मदत सगळ्यात जास्त लागते, आणि नेमका तोच पालक आपण गाळतो. वर्गाचा दिवस वेगळा ठेवा. हळदी-कुंकू घ्यायचंच असेल तर तिळगूळ आणि वाण सगळ्यांना, हे आधीच जाहीर करा आणि तसंच करा.

शाळा लांब पडत असेल तर आपण वस्तीवर जावं. यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्या बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण त्याची सुरुवात अशा खऱ्याखुऱ्या अंगणात आहे. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवल्या. मुलांच्या बाबतीत जे त्यांनी केलं तेच पालकांच्या बाबतीत करता येतं. समाजमंदिरात, देवळाच्या ओट्यावर, पारावर तासाभराचा वर्ग सहज होतो. (देवळात सगळ्यांना मोकळेपणानं येता येतं का, एवढं आधी पाहून घ्यावं.)

पहिला वर्ग : डाव्या हातानं रांगोळी

पहिल्या वर्गात भाषण नको. आल्या आल्या प्रत्येकाला रांगोळीची चिमूट द्या आणि सांगा : चार ठिपके उभे, चार आडवे, आणि त्यातून येईल ती साधी रांगोळी. फक्त डाव्या हातानं. वडील मंडळींना खडू द्या, फरशीवर बैलाचं चित्र काढायला सांगा, तेही डाव्या हातानं. कुणी डावखुरं असेल तर त्यानं उजव्या हातानं. वेळ तीन मिनिटं.

सुरू झालं की शिक्षकानं मधून फिरावं आणि नेहमीची वाक्यं म्हणावीत. "आवरा लवकर." "एवढं साधं जमत नाही?" "शेजारच्या ताईंचं बघा, कसं सुरेख आलंय." "किती वेळा सांगितलं, रेघ सरळ काढा म्हणून!" सुरुवातीला सगळे हसतात. मग दोन-तीन जण चूप होतात. कुणी हळूच उजवा हात वापरायला लागतं. एखादी बाई रांगोळी पुसून टाकते आणि म्हणते, "मला नाही येत, जाऊ द्या."

तिथंच थांबायचं. जास्त ताणायचं नाही. मघाची बोलणी मुद्दाम, खेळापुरती होती हे लगेच सांगायचं. मग विचारायचं, कसं वाटत होतं? उजवा हात का घेतला? रांगोळी का पुसली? पालकांना बोलू द्यायचं. "तुम्ही मागं उभं राहिलात की हात जास्तच थरथरायचा" असं कुणीतरी म्हणतंच. त्यानंतर एकच प्रश्न : आत्ता मी जी वाक्यं बोललो, ती तुमच्या घरी कोण कुणाला बोलतं?

यावर वर्गात जी शांतता होते तिच्यात आपण प्रवचन घुसडू नये. पालकांना कळलेलं असतं. पहिलीतल्या मुलाला पेन्सिल धरणं म्हणजे आपल्याला डाव्या हातानं रांगोळी, इतकं सांगितलं तरी पुरे. लिहिताना मूल खोडरबर फिरवत बसतं, अचानक त्याला तहान लागते, पोट दुखतं, वही सापडत नाही. हे सगळं म्हणजे रांगोळी पुसून टाकणंच आहे.

काही प्रशिक्षणांत पालकांना अनोळखी लिपीतला उतारा वाचायला देतात. तोही चांगला खेळ आहे, पण जिथे निरक्षर पालक असतील तिथे टाळावा. ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नाही त्याच्यासाठी तो खेळ राहत नाही. रांगोळीत मात्र सगळे एका पातळीवर येतात. तलाठी असो की शेतमजूर, डावा हात सगळ्यांचाच तसाच.

घरी न्यायची गोष्ट : पुढचा महिनाभर मूल लिहीत असताना त्याच्या मागं उभं राहायचं नाही, शेजारी बसायचं. बस, एवढीच.

वजाबाकीचा वर्ग

घरातलं सगळ्यात मोठं भांडण गणितावरून होतं. मूल म्हणतं, "बाईंनी असं नाही शिकवलं." वडील म्हणतात, "मग बाईंना येत नाही." २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचण्याची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. त्या रीतीच्या बाजूनं किंवा विरोधात मत असू शकतं. पण नवीन रीत वर्गात आली आणि पालकांना ती कुणी दाखवलीच नाही, म्हणून घराघरांत गोंधळ वाढला, असं मला वाटतं.

वजाबाकीचं उदाहरण घेऊ. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. प्रत्येक पालकाला बांधलेले दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. सांगा, यातल्या सत्तावीस काड्या मला परत करा. दोन गठ्ठे लगेच निघतात. सात सुट्या कुठून आणायच्या? थोडा वेळ जाऊ द्या. कुणीतरी गठ्ठ्याचं रबर सोडतंच. आता हातात चार गठ्ठे आणि बारा सुट्या. त्यातून दोन गठ्ठे आणि सात सुट्या गेल्या, राहिले दोन गठ्ठे आणि पाच सुट्या. पंचवीस.

मग फळ्यावर तीच वजाबाकी उभी मांडा. पाचवर काट मारून चार, दोनाच्या जागी बारा. पालकांनी शाळेत हे केलेलं असतं, "शेजाऱ्याकडून उसना घेतला" असं म्हणतही असतात. पण उसना म्हणजे सोडलेला गठ्ठा, हे पन्नाशीतल्या माणसालाही कधी कधी तिथं पहिल्यांदा दिसतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. जुन्या लोकांपैकी काही जण वेगळीच रीत सांगतील : वरच्या दोनाचे बारा केले आणि हातचा एक खालच्या दोनात मिळवून तीन केले, पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच. ती रीतही बरोबरच आहे. दोन्ही संख्यांत दहा-दहा मिळवले की त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, म्हणून. हे मोकळेपणानं सांगावं, आजोबांची रीत चुकीची ठरवू नये. फक्त मुलाची एक रीत पक्की होईपर्यंत दुसरी मध्ये आणू नका, एवढी विनंती करावी.

या वर्गात पालकांचं स्वतःचं गणित बाहेर काढायला हवं. वयस्कर बायकांना चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं पाठ असतात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. यात अर्धा, पाव, दुप्पट, चौपट सगळं आलं. पाचवीच्या अपूर्णांकाला याहून चांगलं साहित्य कुठं मिळणार? अशा आजीला वर्गात बोलावून धान्य मोजून दाखवायला सांगा. दुधाचा रतीब, बचत गटाचं व्याज, मजुरीचे खाडे वजा करून आठवड्याचा हिशोब, हे सगळं ज्या बाईला तोंडी येतं ती म्हणते, "मला गणित येत नाही." तिला गणित येतं, फक्त कागदावरचं येत नाही. हा फरक तिला आणि तिच्या मुलाला, दोघांना समोरासमोर दिसला पाहिजे.

घरी न्यायची गोष्ट : दुकानात मुलाला पाठवताना परत किती पैसे येतील ते आधी विचारायचं. चुकलं तर रागवायचं नाही, आल्यावर नाणी मांडून मोजायची.

वाचता न येणारी आई वाचन कसं घेणार?

घेऊ शकते. हे पालकांना पटवायला जरा वेळ लागतो, काही शिक्षकांनाही लागतो.

वाचायला शिकणाऱ्या मुलाला ऐकणारं माणूस लागतं. रोज दहा मिनिटं मूल मोठ्यानं वाचतंय आणि आई भाकरी थापता थापता ऐकते आहे, मधेच विचारते, "मग? त्या कोल्ह्याचं काय झालं?" इतक्यानं पुष्कळ काम होतं. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं तेव्हा मुलाला अर्थ लावावा लागतो. नुसतं अक्षराला अक्षर जोडून म्हणणारी मुलं इथं अडखळतात, आणि ती अडखळली हे आईला पुस्तक न बघताही कळतं. "काय वाचलंस ते तुलाच समजलं नाही, परत वाच बरं" असं ती म्हणू शकते.

वर्गात हे करून दाखवा. एखाद्या पालकाला पुढं बोलवा, मुलाला गोष्ट वाचायला द्या. शिकलेले पालक काय करतात बघा. मूल दर शब्दाला चुकलं की लगेच दुरुस्त करतात. मूल तिसऱ्या ओळीनंतर आईच्या तोंडाकडे बघूनच वाचायला लागतं. न शिकलेली आई मात्र गोष्ट ऐकते. तिला दुरुस्त करताच येत नाही! हे दोन्ही पालकांसमोर घडलं की आपल्याला फार काही सांगावं लागत नाही. (अर्थात चुका कधीच सुधारायच्या नाहीत असं नव्हे. वाक्य संपेपर्यंत थांबा, मग "हा शब्द परत बघ" म्हणा.)

मुलाचं वाचन कुठवर आलंय हे पालकालाही पाहता येतं. 'असर'च्या पाहणीत २००५ पासून घरोघरी जाऊन जे साधं साधन वापरतात त्यात अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्या असतात. आपणही एका कागदावर तशा चार पायऱ्या लिहून पालकाच्या हातात द्याव्यात. मूल आज शब्दांच्या पायरीवर आहे, दिवाळीपर्यंत परिच्छेद वाचायला हवं, ही भाषा पालकाला कळते. 'ब श्रेणी' म्हणजे काय ते कळत नाही.

घरच्या भाषेचा मुद्दा इथंच घ्यायला हवा. अहिराणी, गोरमाटी, पावरी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांत आपण कधी कधी सांगून येतो, "घरी मराठीच बोला." हेतू चांगला, पण परिणाम असा होतो की ज्या भाषेत आईला हजार गोष्टी सांगता येतात ती भाषा बंद होते आणि ज्या भाषेत तिला जेमतेम पन्नास वाक्यं येतात ती सुरू होते. मूल दोन्हीकडून उपाशी. इंग्रजी माध्यमाच्या पालकांचंही तेच. "बेटा, ॲपल फिनिश कर, मग हँड वॉश कर" यात इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलं आहे. घरात आईनं, आजीनं आपल्या भाषेत भरपूर बोलावं, कोडी घालावीत, म्हणी वापराव्यात, लहानपणीच्या गोष्टी सांगाव्यात. एक चांगली गोष्ट तिच्या तोंडून त्या भाषेत मोबाईलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवली, तर त्या मुलाची वर्गातली मान ताठ होते ती वेगळीच.

मनाचा वर्ग

हा वर्ग सहावी-सातवीपासून वर अवश्य घ्यावा, पण लहान मुलांच्या पालकांनाही लागतो. इथं तज्ज्ञ आणला की पालक माना डोलावतात आणि घरी काहीच बदलत नाही. त्यापेक्षा अदलाबदल करावी. पालकानं मूल व्हायचं, शिक्षकानं आई.

शाळेतून आल्या आल्या : "पेपर मिळाला का? किती पडले? एवढेच? आणि वरच्या आळीतल्या पोराला किती?" पालक, जो आता मूल आहे, तो काय उत्तर देतो ते ऐका. बहुतेक जण खोटं बोलतात. "अजून मिळाला नाही" म्हणतात! सगळे हसतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आमचं पोरगं पण..." हो, तेही असंच म्हणतं.

मग तोच प्रसंग दुसऱ्या पद्धतीनं. आधी पाणी, खायला काहीतरी, आणि "आज काय झालं शाळेत?" असं विचारून खरोखर ऐकायचं. पेपर नंतर. पेपरातही आधी बरोबर आलेलं बघायचं, मग चुकलेल्यांपैकी एक प्रश्न सोबत सोडवायचा.

झोपेचं मात्र सरळ सांगून टाकावं, त्यात खेळ करण्यासारखं काही नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास. रात्री साडेअकरापर्यंत मालिका आणि रील्स, सकाळी सातची शाळा, ही बेरीज जमत नाही. मूल वर्गात पेंगतं ते आळशी म्हणून नव्हे. मोबाईलबद्दल पालक आपल्याकडे तक्रार घेऊन येतात, "तुम्हीच सांगा त्याला." आपण सांगून होत नाही. जेवताना घरातल्या सगळ्यांचे फोन एका टोपलीत, वडिलांचाही, एवढं जमलं तर पाहावं. वडिलांचा फोन टोपलीत जाईपर्यंत मुलाचा जाणार नाही.

या वर्गात एक गोष्ट गंभीरपणे सांगायलाच हवी. मूल अचानक गप्प झालं, रोज शाळेच्या वेळेलाच पोट दुखतंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, एखाद्या माणसाकडे किंवा एखाद्या रस्त्यानं जायला ते घाबरतं, आवडता खेळ सोडून दिला, तर त्याला "नाटकं करतोस" म्हणू नये. विचारावं, ऐकावं, आणि सांगितलेलं खरं मानावं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, जो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि विनामूल्य आहे. हे दोन्ही क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि पालकांना तिथल्या तिथे फोनमध्ये साठवायला लावावेत. ज्यांना जमत नाही त्यांना आपण साठवून द्यावेत. परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात तर पुन्हा आठवण करावी. "नापास झालास तर घरात पाऊल ठेवू नकोस" हे वाक्य रागात सहज तोंडून जातं, आणि काही मुलं ते खरं मानतात.

मारण्याचा विषय निघतोच. "सर, तुम्ही द्या दोन ठेवून, आमची हरकत नाही" असं प्रेमानं सांगणारे पालक अजून आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं आहे, हे त्यांना शांतपणे सांगावं. आणि विचारावं, मार खाल्ल्यावर तुम्हाला काय आठवतं, चुकलेलं गणित की मारणारा माणूस?

शिक्षकांनी पाळायचं पथ्य

पालकांच्या वर्गात कुठल्याही मुलाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. चार लोकांत ऐकून घ्यावं लागलं की पालक घरी जाऊन मुलाला बडवतो आणि पुढच्या वेळी येत नाही. कौतुकही नाव घेऊन करू नये, कारण शेजारी बसलेली आई लगेच मनात तुलना करते. मुलाविषयी जे बोलायचं ते वर्ग संपल्यावर, एकेकट्याशी, पाच मिनिटं. सुरुवात त्या मुलाच्या खऱ्याखुऱ्या चांगल्या गोष्टीनं करावी. "हुशार आहे पण मस्ती करतो" हे वाक्य नको, ते आपण सगळ्यांनाच सांगतो आणि पालकांनाही ते माहीत झालंय. "मधल्या सुट्टीत लहान मुलांना नळावर पाणी भरून देतो" असं काही, जे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. घरातल्या दारूचं, भांडणाचं, कर्जाचं काही कानावर आलं तर ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे. स्टाफरूममध्येसुद्धा नाही. मूल धोक्यात आहे असं दिसलं तरच पुढं न्यायचं, आणि तेही मुख्याध्यापकांकडे किंवा १०९८ वर.

वर्गाचा उपयोग होतो की नाही हे पालकांना विचारू नका, ते "छान झालं" म्हणतील. पंधरा दिवसांनी मुलांना सहज विचारा, "घरी कुणी गोष्ट ऐकली का रे तुझी?" खरं तिथं कळतं. मधल्या काळात आठवण द्यायची तर लांबलचक मजकूर पाठवण्याऐवजी आपल्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवा. वाचता न येणाऱ्या आईला तो ऐकता येतो, आणि मूलही कान देऊन ऐकतं.

पहिल्या वर्गाला सात-आठ पालक आले तरी घ्यावा. उपस्थितीच्या फोटोसाठी वर्ग घ्यायचा नसेल तर सात पुरेसे आहेत. निरोप कसा लिहावा असं काही जणांनी विचारलं होतं, म्हणून एक नमुना देतो. आपापल्या गावच्या बोलीत बदलून घ्या :

"नमस्कार. येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता शाळेत पालकांसाठी एक तासाचा वर्ग आहे. वजाबाकी आता कशी शिकवतात ते काड्या मोजून बघायचं आहे. आई, वडील, आजी, आजोबा, काका, मामी, घरातलं कुणीही या. लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही. लहान बाळ सोबत आणलं तरी चालेल. कुणाच्याही मुलाची तक्रार होणार नाही. तीन वाजता नक्की सुटेल. चहा आधी, सही नंतर."